‘कॅमेरा थांबवू नका!’ : प्रेक्षकांच्या मतावर उभा राहिलेला भयविनोदी चित्रपट

‘कामेरा ओ तोमेरु ना!’ म्हणजे ‘कॅमेरा थांबवू नका!’ हा २०१७ साली प्रथम दाखवला गेलेला जपानी भयविनोदी चित्रपट होय. जपानबाहेर तो ‘वन कट ऑफ द डेड’ या नावाने ओळखला जातो. शिनिचिरो उएदा यांनी त्याचे लेखन, दिग्दर्शन व संकलन केले. चित्रपटाची लांबी ९६ मिनिटे असून त्याचा निर्मितिखर्च सुमारे ३० लाख येन, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण १८ लाख रुपये इतकाच होता. पुढे जपानमधील चित्रपटगृहांतून त्याने ३०० कोटी येनहून अधिक उत्पन्न मिळवले आणि २० लाखांहून अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला. खर्चाच्या हजारपट उत्पन्न ही गोष्ट कोणत्याही देशाच्या चित्रपट व्यवसायात विरळाच.

मात्र हा चित्रपट केवळ आकड्यांमुळे अभ्यासनीय ठरत नाही. त्यात नामांकित नट नव्हते, जाहिरातीसाठी पैसा नव्हता, मोठा वितरक नव्हता. त्याला जे काही लाभले ते पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकांच्या तोंडून लाभले. आणखी विशेष असे की, त्याच प्रेक्षकांचे पहिल्या अर्ध्या तासातील मत बहुधा प्रतिकूल असे. एकाच माणसाचे मत एकाच बैठकीत इतके पूर्ण का पालटावे, हा या चित्रपटाविषयीचा खरा प्रश्न आहे.

निर्मिती

टोकियोमध्ये चित्रपट व अभिनय यांचे शिक्षण देणारी ‘एन्बु सेमिनार’ ही संस्था आहे. नवोदित दिग्दर्शक आणि अनोळखी कलावंत यांनी एकत्र येऊन कार्यशाळेच्या स्वरूपात चित्रपट करावा, असा या संस्थेचा उपक्रम असतो. प्रस्तुत चित्रपट त्याच उपक्रमातून निर्माण झाला. १९८४ साली जन्मलेल्या उएदा यांनी तोवर प्रामुख्याने लघुपट केले होते. पूर्ण लांबीचा, एकट्याच्या दिग्दर्शनाखालील असा हा त्यांचा पहिला चित्रपट. निवडचाचणीतून घेतलेल्या कलावंतांच्या स्वभावाला धरून त्यांनी पात्रे बेतली. दिग्दर्शक हिगुराशी यांची मध्यवर्ती भूमिका ताकायुकी हामात्सु यांनी, तर त्यांच्या पत्नीची भूमिका हारुमी शुहामा यांनी केली.

चित्रीकरणासाठी इबाराकी प्रांतातील मितो शहरामधले बंद पडलेले एक जलशुद्धीकरण केंद्र निवडण्यात आले. पडके काँक्रीट, रिकामे हौद, गंजलेले जिने यांमुळे वेगळ्या नेपथ्याचा खर्च वाचला. चित्रपटाचा आरंभ ३७ मिनिटांच्या एकाच सलग दृश्याने होतो. हे दृश्य मनाजोगे मिळावे म्हणून ते सहा वेळा चित्रित करावे लागले. दरवेळी रक्ताने माखलेले कपडे बदलायचे, रंगभूषा नव्याने करायची आणि पुन्हा पहिल्या क्षणापासून धावायला लागायचे. अंतिमतः स्वीकारलेल्या चित्रीकरणात कॅमेऱ्याच्या भिंगावर चुकून रक्ताचे शिंतोडे उडाले आणि छायाचित्रकाराने ते तिथल्या तिथे पुसले. हा अपघात तसाच ठेवण्यात आला.

कथानक

*(पुढील मजकुरात कथेतील रहस्य उघड होते. चित्रपट पाहण्याचा मानस असलेल्या वाचकांनी येथे थांबून, तो पाहून मग पुढे वाचावे.)*

पहिल्या ३७ मिनिटांत एक चित्रपट-चमू एका ओसाड इमारतीत झोंबीपट चित्रित करीत आहे. चेहऱ्यावर खरी भीती उमटत नाही म्हणून दिग्दर्शक नायिकेवर खेकसतो. थोड्याच वेळात खरेखुरे झोंबी अवतरतात, चमूतील माणसे एकेक करून बळी पडू लागतात आणि दिग्दर्शक मात्र उन्मादाने चित्रीकरण चालूच ठेवतो. हा भाग संपतो तेव्हा पडद्यावर चक्क श्रेयनामावली येते.

त्यानंतर कथा एक महिना मागे जाते. हिगुराशी हा ‘लवकर, स्वस्त आणि बऱ्यापैकी’ काम करून देणारा, कुणालाही नाही न म्हणणारा सामान्य दिग्दर्शक असल्याचे कळते. झोंबींना वाहिलेल्या एका नव्या वाहिनीच्या शुभारंभासाठी त्याने एकाच दृश्यात, तेही थेट प्रक्षेपणात, संपूर्ण झोंबीनाट्य सादर करावे, असा प्रस्ताव त्याच्यापुढे येतो. ऐन दिवशी दोन कलावंत अपघातामुळे पोहोचू शकत नाहीत. दिग्दर्शकाची आणि रंगभूषाकारिणीची पात्रे रंगवण्यासाठी खुद्द हिगुराशी आणि अभिनय सोडून बसलेली त्याची पत्नी यांनाच उभे राहावे लागते.

तिसऱ्या भागात तेच प्रक्षेपण आपण पुन्हा पाहतो, या वेळी कॅमेऱ्याच्या मागून. पहिल्या भागात खटकलेल्या प्रत्येक गोष्टीचे कारण आता समोर येते. पात्रे उगाच छंदांविषयी गप्पा मारीत होती, कारण दाराबाहेर झोंबी झालेला नट दारू पिऊन आडवा झाला होता. ध्वनिमुद्रक मध्येच बाहेर जाण्याचा हट्ट धरीत होता, कारण त्याचे पोट बिघडले होते. कॅमेरा कितीतरी वेळ जमिनीवर पडून होता, कारण छायाचित्रकाराच्या पाठीत उसण भरली होती. शेवटच्या उंचावरील दृश्यासाठी आणलेली क्रेन कोसळते, तेव्हा नट, तंत्रज्ञ आणि हाताशी असलेली सगळी माणसे एकमेकांच्या पाठीवर चढून मानवी मनोरा रचतात आणि त्या मनोऱ्याच्या टोकावरून ते दृश्य टिपले जाते.

प्रेक्षकाचे पहिले मत

या चित्रपटाविषयी व्यक्त झालेल्या मतांत एक गोष्ट सातत्याने आढळते. पहिला भाग पाहताना तो निकृष्ट वाटला, हे त्याचे चाहतेही मोकळेपणाने मान्य करतात. संवादांमधील विचित्र विराम, कारणाविना लांबलेल्या किंकाळ्या, हलणारी चौकट, ओबडधोबड रंगभूषा यांमुळे काहींना कंटाळा आला. काहींना सततच्या हलत्या चित्रणाने गरगरल्यासारखे झाले. काहींनी मधेच उठून जाण्याचा विचार केला, तर काही खरोखरच उठून गेले.

हे मत चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. पडद्यावर जे दिसले त्याचे ते प्रामाणिक वर्णन होते. दृश्य खरोखरच अडखळत होते, नट खरोखरच गोंधळले होते. प्रेक्षकाने ते अचूक हेरले होते. ते तसे का होते, एवढेच त्याला ठाऊक नव्हते. दिग्दर्शकाने प्रेक्षकाच्या या चाणाक्षपणावरच चित्रपटाची उभारणी केली आहे. ज्याला पहिल्या भागातील चुका जाणवल्याच नाहीत, त्याला तिसऱ्या भागात हसूही येणार नाही. म्हणजे येथे प्रेक्षकाची नापसंती ही कथेचाच एक भाग आहे. ती पेरलेली आहे आणि तासाभराने तिचे पीक हशाच्या रूपाने हाती येते.

दुसरे मत

तिसऱ्या भागातील हशा हा वर्मावर बोट ठेवणारा हशा आहे. मघाशी ज्या गोष्टीला आपण नाक मुरडले, ती घडवून आणण्यासाठी कुणीतरी जिवाचे रान केले होते, हे कळताच प्रेक्षक पात्रांना हसता हसता स्वतःच्या घाईच्या निवाड्यालाही हसतो. भयपट पाहायला गेलेल्या अनेकांनी शेवटी डोळे ओलावल्याचे सांगितले, त्याचे कारण येथे आहे. चित्रपटात हिगुराशी व त्याची तरुण मुलगी यांच्यात दुरावा आहे. तडजोड करीत जगणाऱ्या बापाविषयी तिला फारसा आदर उरलेला नाही. प्रक्षेपण कोलमडू लागते तेव्हा हीच मुलगी पुढे होऊन सूत्रे हाती घेते. मानवी मनोऱ्याची कल्पना बापाच्या संहितेत जपलेल्या एका जुन्या छायाचित्रावरून सुचते. लहानपणी तिने बापाच्या खांद्यावर बसून कॅमेरा धरलेला असतो, ते हे छायाचित्र. झोंबींच्या धुमाकुळात हा कौटुंबिक धागा अलगद विणला गेल्यामुळे, भयपटांकडे सहसा न फिरकणारा प्रेक्षकही या चित्रपटाकडे वळला.

श्रेयनामावलीबरोबर प्रत्यक्ष चित्रीकरणाची दृश्ये दाखवली जातात. खऱ्या छायाचित्रकाराची धावपळ, खऱ्या चमूची दमछाक त्यात दिसते. म्हणजे कथेतील पडद्यामागच्याही मागे आणखी एक पडदामाग आहे. अनेकांनी चित्रपट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाहिला तो या थरांसाठी. दुसऱ्या वेळी पहिली ३७ मिनिटे कंटाळवाणी उरत नाहीत, कारण प्रत्येक विरामामागची लगबग आता ठाऊक झालेली असते.

मुखोमुखी झालेला प्रसार

नोव्हेंबर २०१७ मध्ये टोकियोच्या शिंजुकु भागातील ८४ आसनांच्या ‘केज सिनेमा’ या लहानशा चित्रपटगृहात त्याचे अवघे सहा दिवस खेळ झाले. एप्रिल २०१८ मध्ये इटलीतील उदिने येथे भरणाऱ्या ‘फार ईस्ट फिल्म फेस्टिव्हल’मध्ये तो दाखवला गेला. तेथील पुरस्कार प्रेक्षकांच्या मतदानाने ठरतात. त्यात या चित्रपटाला दुसरे स्थान मिळाले. २३ जून २०१८ रोजी तो टोकियोतील दोन चित्रपटगृहांत पुन्हा लागला आणि त्यानंतर मागणी वाढत जाऊन देशभरातील शेकडो चित्रपटगृहांत पोहोचला.

या प्रसाराला प्रेक्षकांनी दिलेले नावही विषयाला साजेसे होते. चित्रपट आवडलेला माणूस स्वतःला ‘बाधित’ म्हणवून घेई आणि इतरांना ‘बाधा’ देण्याचे काम आनंदाने अंगावर घेई. कलावंत आणि दिग्दर्शक वारंवार चित्रपटगृहांत जाऊन प्रेक्षकांना भेटत. त्यामुळे ही जवळीक वाढत गेली. तथापि या प्रसारातील सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे प्रेक्षकांनी पाळलेले मौन. चित्रपट पाहा, परंतु त्याविषयी काहीही वाचू नका आणि पहिला भाग संपेपर्यंत उठू नका, एवढेच एकजण दुसऱ्याला सांगे. प्रशंसा करायची आणि कारण मात्र सांगायचे नाही, ही अट लाखो लोकांनी स्वखुशीने पाळली. आपल्याला लाभलेला आनंद दुसऱ्यालाही तसाच, अनाघ्रात लाभावा ही त्यामागची भावना होती.

समीक्षकांचाही कौल अनुकूल राहिला. जपान अकादमीच्या पुरस्कारांत उत्कृष्ट संकलनाचा सन्मान उएदा यांना मिळाला. जो चित्रपट आपल्या सलग, न कापलेल्या दृश्यासाठी गाजला त्यालाच संकलनाचे पारितोषिक मिळावे, ही गोष्ट मौजेची वाटेल. पण पहिल्या आणि तिसऱ्या भागातील क्षणाक्षणाची सांगड घालण्याचे काम संकलनाचेच होते.

प्रतिकूल मते

सर्वच प्रेक्षक भारावले असे मुळीच नव्हे. प्रतिकूल मतांचे साधारण तीन प्रकार दिसतात. भयपटाच्या निष्ठावंत रसिकांना त्यात भय जवळजवळ नाही, ही तक्रार वाटली. ती रास्त आहे. झोंबी येथे निमित्तमात्र आहेत. दुसऱ्या प्रकारचे प्रेक्षक उशिरा गेलेले होते. अतोनात स्तुती कानांवर पडल्यावर गेल्यामुळे ते पहिल्या क्षणापासून ‘काहीतरी गुपित आहे’ या शोधातच बसले आणि त्यांचा अपेक्षाभंग झाला. जे मौन सुरुवातीला चित्रपटाचे बळ होते, तेच गाजावाजा झाल्यावर त्याला भोवले. तिसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. एक तृतीयांशाहून अधिक वेळ प्रेक्षकाला सामान्य कृती दाखवायची आणि ती हेतुतः सामान्य होती असे मागाहून सांगायचे, हे कितपत न्याय्य, असा तो आक्षेप. प्रेक्षकाच्या सहनशीलतेची परीक्षा घेण्याचा अधिकार दिग्दर्शकाला किती असावा, या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही. परंतु ज्याने तिकीट काढले आणि जो पस्तिसाव्या मिनिटाला उठून गेला, त्याचे मतही मतच आहे, हे मान्य करावे लागते.

श्रेयाचा वाद

प्रेक्षकांचे प्रेम शिगेला पोहोचले असतानाच, ऑगस्ट २०१८ मध्ये, रंगकर्मी रियोइची वादा यांनी या चित्रपटाची मूळ रचना आपल्या नाट्यसंस्थेच्या ‘घोस्ट इन द बॉक्स!’ या नाटकावरून घेतल्याचे सांगून योग्य श्रेयाची मागणी केली. आपल्याला त्या नाटकापासून स्फूर्ती मिळाली, हे उएदा यांनी स्वतः पूर्वीच सांगितले होते. वाद होता तो श्रेयाच्या स्वरूपाविषयी. २०१९ च्या आरंभी समझोता होऊन दोघांचीही नावे मूळ कल्पनेचे सहनिर्माते म्हणून देण्याचे ठरले.

पडद्यामागच्या अनाम श्रमांना मान देणाऱ्या चित्रपटाबाबतच श्रेयाचा प्रश्न उपस्थित व्हावा, हे अनेक चाहत्यांच्या जिव्हारी लागले. प्रेक्षकाचे प्रेम चित्रपटाला यश देऊ शकते. श्रेय कुणाचे, हे मात्र त्या प्रेमाने ठरत नाही. ते नोंदींनी आणि परस्परांच्या प्रामाणिकपणानेच ठरवावे लागते.

फ्रेंच रूपांतर

‘द आर्टिस्ट’ या चित्रपटासाठी ऑस्कर मिळवलेले फ्रेंच दिग्दर्शक मिशेल हाझानाविसियुस यांनी या चित्रपटाचे ‘कुपे!’ या नावाने रूपांतर केले. मे २०२२ मध्ये कान महोत्सवाचा प्रारंभ त्यानेच झाला. रोमां द्युरिस आणि बेरेनिस बेजो असे नामवंत कलावंत त्यात होते. मूळ चित्रपटात वाहिनीच्या निर्मातीची भूमिका करणाऱ्या योशिको ताकेहारा यांनी रूपांतरातही तशीच भूमिका केली. आधी या रूपांतराच्या नावात ‘झेड’ हे अक्षर होते. युक्रेनवरील आक्रमणानंतर ते रशियन सैन्याचे चिन्ह बनल्यामुळे नाव बदलण्यात आले.

रूपांतर मूळ कथेशी बव्हंशी प्रामाणिक होते आणि त्यावर खर्चही कितीतरी पटींनी अधिक झाला होता. तरीही मूळ चित्रपटाने जागवलेली आपुलकी त्याच्या वाट्याला त्या प्रमाणात आली नाही. दोन्ही पाहिलेल्या अनेकांनी दिलेले कारण मननीय आहे. नामवंत नट गरीब चमूचा अभिनय करतात तेव्हा तो अभिनय असल्याचे आपण विसरत नाही. मूळ चित्रपटात मात्र कथेतील चमूची ओढाताण आणि तो चित्रपट करणाऱ्या माणसांची ओढाताण एकच होती. पैशाची चणचण ही तेथे उणीव राहिली नव्हती, ती कथेचा आशय झाली होती. अधिक पैसा आला आणि तो आशयच पातळ झाला.

मराठी प्रेक्षकाला ओळखीचे काही

झोंबी आणि विनोद यांची सांगड आपल्याकडेही घातली गेली आहे. गोव्याच्या पार्श्वभूमीवरील ‘गो गोवा गॉन’ हा हिंदी चित्रपट २०१३ मध्ये आला. डोंबिवलीच्या नावावर कोटी करणारा आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ २०२२ मध्ये मराठीत आला. त्याआधी १९९३ च्या ‘झपाटलेला’मधील तात्या विंचूने बाहुल्याच्या रूपात एका पिढीला हसवले आणि घाबरवलेही. ‘कॅमेरा थांबवू नका!’ची खरी सोयरीक मात्र या चित्रपटांपेक्षा आपल्या जत्रेतील नाटकांशी अधिक जुळते. गोव्यातील गावोगावच्या जत्रांत हौशी कलावंतांनी उभी केलेली मराठी नाटके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पडद्यामागची ही तारांबळ नवी नाही. संवाद विसरलेल्या राजाला विंगेतून शब्द पुरवणारा, ऐन वेळी न आलेल्या नटाच्या जागी स्वतःच्या चेहऱ्याला रंग लावून उभा राहणारा दिग्दर्शक, दिवे गेले तरी प्रवेश न थांबवणारे नट ही सारी हिगुराशीचीच भावंडे आहेत. आणि ते सारे ठाऊक असूनही मंडपात बसून राहणारा प्रेक्षक हाही तोच आहे. तो नाटकाला नावे ठेवतो, पण शेवटचा पडदा पडेपर्यंत उठत नाही.

मूल्यमापन

या चित्रपटाच्या यशावरून ‘कमी खर्चात चांगला चित्रपट होतो’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो फारसा खरा नाही. कमी खर्चात झालेले असंख्य चित्रपट कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. या चित्रपटाने आपली गरिबी लपवली नाही, तसे तिचे भांडवलही केले नाही. ती पाहणाऱ्याच्या मनात प्रथम कोणते मत उमटते आणि नंतर ते कसे बदलते, याचाच त्याने विषय केला. मे २०२० मध्ये, साथीच्या काळात सारे घरी अडकलेले असताना, हेच कलावंत एकमेकांना प्रत्यक्ष न भेटता एक लघुपट करून मोकळे झाले व त्यांनी तो विनामूल्य उपलब्ध करून दिला. कॅमेरा थांबवायचा नाही, हे केवळ चित्रपटाचे शीर्षक नव्हते याची ती साक्ष.

आज कोणत्याही चित्रपटाविषयीचे मत पहिल्या दहा मिनिटांत तयार होते आणि मध्यंतरापूर्वीच जगजाहीर होते. अशा काळात या चित्रपटाने प्रेक्षकाकडून ३७ मिनिटांचा धीर मागितला आणि लाखोंनी तो दिला. ज्यांनी दिला त्यांना, समोर दिसणाऱ्या प्रत्येक अडखळत्या कामामागे कुणीतरी कुणाला तरी खांद्यावर उचलून धरलेले असू शकते, एवढे पाहून घरी जाता आले.